कथकच्या प्रवेशचाचणीआधी
दिल्लीच्या कथक केंद्रासारख्या ठिकाणी प्रवेशचाचणी द्यायची असेल, तर महिनाभर आधीपासून मोबाइलवरचा लेहरा (तालासोबत पुन्हा पुन्हा वाजणारी धून) अधूनमधून बंद ठेवा. एकाच ठरावीक लयीची सवय लागली की अनोळखी तबलजींसमोर पाय अडखळतात. तीनतालाच्या १६ मात्रा हातावर धरून तत्कार (पायांचे मूळ बोल) ठाय (संथ), दुगुन (दुप्पट), चौगुन (चौपट) लयीत करा. मग पुन्हा ठायवर या. खरी गोम इथेच आहे, उतरताना लय पळते! तुकडा (बोलांची छोटी रचना) नाचण्याआधी त्याची पढंत करा (बोल तोंडाने म्हणा), म्हणजे तुम्हाला हवी ती लय तबलजींना आपोआप कळते. सम (तालाची पहिली मात्रा) चुकली तर थांबू नका, पुढचं आवर्तन (तालाची फेरी) पकडा. घुंगरांच्या दोरीच्या गाठी आदल्या रात्रीच तपासा. आणि नवी घुंगरं त्या दिवशी मुळीच नकोत.