छोट्या डाळ मिलचा नफा: तूर खरेदीपासून डाळीचे पैसे हाती येईपर्यंत

विदर्भातील गावपातळीवरच्या डाळ मिलमध्ये नफ्याचा विचार बहुधा यंत्राच्या क्षमतेवरून केला जातो; माझ्या मते तूर घेतल्यापासून डाळीचे पैसे मिळेपर्यंत किती दिवस जातात, हे आधी पाहावे. १०० क्विंटल तूर ८,००० रुपये दराने घेतली तर ८ लाख रुपये अडकतात, आणि वार्षिक १२ टक्के व्याज धरल्यास क्विंटलमागे दरमहा ८० रुपये केवळ थांबण्यापोटी जातात. म्हणून प्रत्येक खेपेच्या खरेदीची, भरडाईची, विक्रीची आणि वसुलीची तारीख एकाच वहीत शेजारीशेजारी लिहावी.

खरेदीच्या वेळी दरापेक्षा ओलावा आधी तपासावा. हंगामाच्या सुरुवातीची तूर स्वस्त वाटते, पण १२ टक्के ओलाव्याची १०० क्विंटल तूर १० टक्क्यांपर्यंत वाळवली की सुमारे सव्वादोन क्विंटल वजन घटते; वरील दराने हे नुकसान जवळपास १८ हजार रुपयांचे होते. आर्द्रतामापक यंत्राचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. एकाच अडत्यावर विसंबू नये. जवळच्या शेतकरी उत्पादक कंपनीशी ओलावा आणि प्रत ठरवून व्यवहार करावा आणि तिचे पैसे ठरलेल्या दिवशी द्यावेत, कारण टंचाईत माल आधी कोणाला द्यायचा हे त्यावरूनच ठरते.

टरफल सुटावे म्हणून तेल-पाणी लावलेली तूर उन्हात वाळवणाऱ्या मिलचे काम पावसाळ्यात रखडते, आणि सणांची मागणी नेमकी श्रावणापासून वाढते. त्यामुळे मागील वर्षीच्या विक्रीवरून या काळाची गरज काढून तेवढी तूर मे महिन्यातच भरडावी. अख्ख्या तुरीपेक्षा डाळीला भुंगाही कमी लागतो. मात्र भाव वाढेल या आशेने त्याहून जास्त साठा करणे छोट्या मिलला झेपत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चुरी आणि टरफल गावातच पशुखाद्यासाठी रोखीने विकावे.

वसुलीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. मिलची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. मोठ्या व्यापाऱ्याला पुढची खेप पाठवण्यापूर्वी वहीतील वसुलीचा रकाना पाहावा आणि मुदत उलटली असेल तर माल रोखावा.