सरायवाले खापरपणजोबा सापडले ते सुताराच्या नावाखाली

नवऱ्याचे खापरपणजोबा इंग्लंडमधल्या सफोकच्या एका खेड्यात 'इन', म्हणजे सराय, चालवायचे, असं सासूबाई नेहमी सांगायच्या. मी न्यायाधीशांनी दिलेल्या दारूविक्रीच्या परवान्यांच्या नोंदी चाळल्या, नाव कुठेच नाही. आठवडाभर डोकं धरून बसले.

चूक माझीच होती. 1830 च्या बिअरहाउस कायद्यानं कर भरणाऱ्या कुणालाही दोन गिनी (जुनं इंग्रजी नाणं) भरून अबकारी खात्याकडून बिअर विकायचा परवाना मिळू लागला. न्यायाधीशांकडे जायची गरजच उरली नाही. ती अट परत आली थेट 1869 मध्ये. म्हणजे आमची 'सराय' बहुधा घराची पुढची खोली! (सासूबाईंना हे हळूच सांगितलं.)

मग 'इन' शब्द सोडून नुसतं आडनाव धरलं. 1851 च्या जनगणनेत ते निघाले, पण धंदा लिहिलेला सुतार. त्या काळच्या व्यापारी डिरेक्टरीत मात्र तेच नाव, 'सुतार व बिअरविक्रेता'. 1841 च्या जनगणनेतलं वय जुळेना, कारण तेव्हा मोठ्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे. अडतीसचा माणूस पस्तीसचा. टाइद, म्हणजे चर्चला द्यायच्या दशांश कराच्या, नकाशाच्या यादीत कब्जेदार म्हणून तेच नाव आणि घराच्या जागेचा नकाशावरचा क्रमांकही मिळाला.