कालकथित सभासदाची कारकीर्द कशी नोंदवायची

आदरांजली सभेत कालकथित, म्हणजे दिवंगत, माणूस प्रेमळ, मनमिळाऊ आणि चळवळीशी एकनिष्ठ ठरतो. तो तुर्भ्याच्या कारखान्यात कुठल्या खात्यात होता, फोरमन कधी झाला, युनियनच्या कमिटीवर किती वर्षं होता, हे कुणी सांगत नाही. पुढे नातवाने विचारलं तर घरातही कुणाला ठाऊक नसतं. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोकरीला लागलेली पहिली पिढी आता एकेक करून जाते आहे. त्यांची नोंद मंडळाने किंवा कर्मचारी संघटनेनेच करायला हवी.

यासाठी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बंधुसंघटनांकडे बघावं. विद्यापीठात शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांनी एकमेकांना धरून राहण्यासाठी त्या काढल्या: अल्फा फाय अल्फा १९०६ मध्ये कॉर्नेलला, ओमेगा साय फाय १९११ मध्ये हॉवर्डला. अल्फाच्या शाखांना ग्रीक अक्षरांची नावं असतात, पण ओमेगा हे शेवटचं अक्षर दिवंगतांसाठी राखून ठेवलं आहे. सभासद वारला की तो ‘ओमेगा चॅप्टर’मध्ये गेला, असं म्हणतात. म्हणजे नाव कमी होत नाही, शाखा बदलते. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांच्याशी पत्रव्यवहार केला ते कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस अल्फाचेच, आणि मार्टिन ल्यूथर किंगही. आपल्याकडे मात्र सभासद गेला की वर्गणीच्या वहीतलं नाव लाल रेघेने खोडतात. ते थांबवा. स्वतंत्र रजिस्टर करा, नाव तिथे उतरवा आणि सभासद झाल्याची तारीख त्याच्यासमोर लिहा.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध घरातल्या मृत्यूनंतरच्या विधीच्या, दिवशी कागद मागू नका, दोन-तीन आठवडे जाऊ द्या. पण ‘जुन्या फाइली रद्दीत देऊ नका’ एवढं पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. इमारत पुनर्विकासाला गेलेली असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण घर हलवताना सगळ्यात आधी ट्रंकेतले कागद जातात.

मग बघायचे कागद: शाळा सोडल्याचा दाखला, नेमणूकपत्र, बढतीचे आदेश, पेन्शनची ऑर्डर. सरकारी किंवा महापालिकेच्या नोकरीत सेवापुस्तकाची प्रत मिळाली तर बहुतेक काम तिथेच होतं. खाजगी कारखान्यातल्या माणसाचं ओळखपत्र, पगारचिठ्ठ्या आणि पी.एफ.च्या स्लिपा शोधा. कंपनी बंद पडली असेल तर तेवढाच पुरावा उरतो. जन्मतारीख १ जून दिसली तर सावध व्हा. दाखला करताना गुरुजींनी ती अंदाजाने टाकलेली असण्याची शक्यता मोठी असते. ‘दाखल्यावर १ जून, घरच्यांच्या सांगण्यानुसार दिवाळीच्या सुमाराला’ असं दोन्ही लिहा.

मुलाखती किमान दोन हव्यात, एक घरातली आणि एक कामावरच्या सोबत्याची. ‘ते कसे होते?’ असं विचारलं की ‘फार चांगले होते’ यापलीकडे काही मिळत नाही. पहिला पगार किती होता, कुठली शिफ्ट, कुठल्या मशीनवर, डबा कुणासोबत खात, रात्रशाळेत शिकत होते तेव्हा घर कुणाच्या मिळकतीवर चाललं, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला बऱ्याचदा बायकोची बिगारीची किंवा घरकामाची कित्येक वर्षं पुढे येतात. तीही नोंदीत घ्या. बढती डावलली गेल्याची गोष्ट निघाली तर साल, पद आणि कोण पुढे गेलं ते टिपा. कागद असेल किंवा दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलं असेल तरच छापा.

फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. आपल्या दमट हवेत जुना फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतो. तो ओढून काढला तर चेहऱ्याचाच थर काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने कडेला लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर छपाईत चेहरे फुटतात.

नोंद ३०० ते ३५० शब्दांची पुरे. क्रम असा: नाव, मूळ गाव, शिक्षण, नोकरी, संघटनेतलं काम, कुटुंब. बौद्ध घरात ‘स्वर्गीय’ किंवा ‘कैलासवासी’ लिहू नका, ‘कालकथित’ लिहा. ‘कष्टाने वर आले’ यात काहीच कळत नाही. ‘१९७८ ला हेल्पर, १९८४ ला फिटर, १९९६ ला चार्जमन’ यात अठरा वर्षांचे कष्ट दिसतात. आधार क्रमांक, बँकेचा तपशील, आजाराचं नाव घरच्यांनी होकार दिल्याशिवाय नको. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. जुन्या डीटीपी फॉन्टची फाइल पुढच्या स्मरणिकेच्या वेळी उघडली तर नुसती विचित्र अक्षरं दिसतात. प्रती तीन: घरी, मंडळात, विहाराच्या वाचनालयात.

छापायला देण्याआधी मजकूर घरी बसून मोठ्याने वाचून दाखवा. नुसता कागद हातात दिला तर ‘बरोबर आहे’ म्हणून परत येतो. वाचताना मात्र बायको मध्येच म्हणते, ‘नाही हो, तेव्हा ते नाइटला होते.’ तिथेच थांबा आणि दुरुस्ती करून मग पुढे वाचा.