नेकवरचा तो छोटा नट काढू नका

जुना अमेरिकन टेनर सॅक्सोफोन घेताना त्याच्या नेकवर, म्हणजे माउथपीस बसतो त्या वाकड्या नळीवर, कॉर्कच्या जरा पुढे, पितळेचा लहानसा नट सोल्डर केलेला दिसला, तर तो कुणीतरी केलेला बिघाड समजू नका. तिथे एकेकाळी पिकअप, म्हणजे आतला आवाज पकडून विजेत बदलणारा भाग, बसत होता. १९६५च्या सुमारास सेल्मर कंपनीचा व्हॅरिटोन, म्हणजे सॅक्सोफोनचा आवाज विजेवर बदलणारा डबा आला, पाठोपाठ कॉनचा मल्टिव्हायडर आणि मॅस्ट्रोचा वुडविंडसाठीचा डबा आला. सेल्मरची अमेरिकन शाखा आणि कॉन दोन्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावच्या. शिकागोच्या सॅक्सोफोनवादक एडी हॅरिसनं १९६७ मध्ये व्हॅरिटोनवर जे वाजवलं, ते ऐकून मी या नादाला लागलो. एकटा टेनर, आणि त्याच्याखाली एक सप्तक उतरून चालणारा दुसरा.

माझा नेक धाकट्या बहिणीनं शिकागोहून आणला. नटावरचं टोपण हिरवं पडून घट्ट बसलं होतं; दोन दिवस तेलाचे थेंब सोडत राहिलो तेव्हा सुटलं. त्याआधी माझ्या आल्टोचा असाच नेक पॉलिशला दिला होता. दुरुस्तीवाल्यानं न विचारता नट उपटला आणि छिद्र कायमचं बुजवलं. अजून वाईट वाटतं. म्हणून नेक कुठेही देताना पावतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: नट तसाच ठेवणे.

पहिलं काम गळती तपासण्याचं. टोपण लावा, ऑक्टेव्हचं छिद्र बोटानं दाबा, रुंद टोक तळव्यानं बंद करा आणि कॉर्ककडून हवा ओढा. नेक ओठाला चिकटून राहिला पाहिजे. लगेच सुटला तर टोपणाखाली पातळ रबरी वॉशर घाला. इथे गळती राहिली तर खालचे सूर कधीच सहज निघणार नाहीत, आणि तुम्ही उगाच रीड बदलत बसाल.

मूळ पिकअप बहुतेक वेळा मिळत नाही. पर्याय म्हणून इलेक्ट्रेट प्रकारचा छोटा माइक बसवायचा मोह होतो, पण माउथपीसमध्ये आवाजाचा दाब १५० डेसिबलच्या वर जातो. साध्या इलेक्ट्रेटचा आवाज तिथे फाटतो. दाब पडला की वीज देणारी पिझो चकती टिकते. मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून लहान चकत्या आणल्या आणि लेथवाल्याकडून नटाच्या आट्यांत बसेल अशी पितळी डबी करून घेतली. चकतीला फक्त कडेनं रबरी रिंगचा आधार द्यायचा, मधला भाग मोकळा ठेवायचा. पूर्ण चिकटवली तर ती सुरापेक्षा कीचा खटखटाट जास्त ऐकते.

यानंतरच्या पायरीवर बहुतेकांचा हिरमोड होतो. चकती सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावतात, पत्र्यासारखा किरकिरा आवाज येतो, आणि दोष पिकअपला देतात. हिशोब करून बघा. माझी चकती मीटरवर सुमारे १० नॅनोफॅरड धारितेची भरली. समोर १० किलोओहम रोधाचा इनपुट असेल तर साधारण १६०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. टेनरचा सगळ्यात खालचा सूर १०४ हर्ट्झचा. म्हणजे जवळजवळ सगळ्या मूळ सुरांची ताकद तिथेच गेली. तोच इनपुट १ मेगओहमचा केला की ही सीमा १६ हर्ट्झवर येते. म्हणून नेकपासून हातभर अंतरातच एफईटी ट्रान्झिस्टरचा छोटा बफर, म्हणजे चकतीला असा मोठ्या रोधाचा इनपुट देणारं सर्किट लावा, ९ व्होल्टची बॅटरी पुरते. पिकअप ते बफर वायर शिल्डेड आणि जेवढी आखूड तेवढी चांगली.

तरीही आवाज बाहेर ऐकू येतो तसा येणार नाही, कोंदटच असेल, कारण कीच्या छिद्रांतून पसरणारा सूर या पिकअपला ऐकूच येत नाही. इक्वलायझरवर मधला भाग उतरवा, वरचा थोडा चढवा. उलट फायदा असा की स्पीकरशेजारी उभं राहूनही फीडबॅकची शिट्टी सहसा सुटत नाही.

क्रम बफर, ऑक्टेव्ह (एक सप्तक खालचा सूर देणारा डबा), वाहवाह (टोन खालीवर करणारा पेडल) आणि शेवटी इको असा ठेवा. ऑक्टेव्हचा डबा लाट मोजतो आणि दर दोन लाटांमागे एक बाहेर सोडतो, त्यामुळे त्याला एका वेळी एकच स्वच्छ सूर कळतो. इको आधी लावला तर दोन सूर मिसळतात आणि डबा गोंधळतो. अगदी खालच्या चार-पाच सुरांत दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट कंपनांचा उपसूर, जोरदार असतो, तेव्हा डबा मध्येच वरच्या सप्तकात उडी मारतो. डब्याच्या आधी टोन कमी करा आणि तिथे व्हायब्रेटो घेऊ नका. जीभ हलकी, सूर सरळ. मी रोज दहा मिनिटं फक्त लांब सूर धरून डब्याशी जुळवून घेतो. खालचं सप्तक मूळ आवाजाच्या निम्म्यावर ठेवलं की शोभतं.

विजेवर चालणारा जुना डबा असेल तर तो ११७ व्होल्टचा आहे, आपल्याकडे २३०. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच, पण त्यानं ६० सायकलच्या जागी ५० येतात ते बदलत नाही. इकोप्लेक्ससारख्या टेपवर इको देणाऱ्या यंत्राची मोटर साधारण सहाव्या हिश्शानं मंद चालते आणि दोन प्रतिध्वनींमधलं अंतर वाढतं. हेड सरकवून ते जुळवा. पन्नास वर्षांपूर्वीचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलल्याशिवाय वीज देऊ नका. व्हॉल्व्हचं यंत्र असेल तर ते जाणकाराकडूनच उघडून घ्या. प्लग काढल्यावरही आत जीवघेणं व्होल्टेज राहतं.

नेकला नट नसेल तर चांगल्या नेकला भोक पाडू नका, मनापासून सांगतो. त्याच मापाचा स्वस्त नेक घ्या किंवा जास्तीचा प्लास्टिक माउथपीस वापरा आणि काय करायचं ते त्यावर करा.

वाजवून झालं की पिकअप काढा, आतलं पाणी मऊ कापडानं टिपा, तासभर उघडा ठेवा. तोवर नटावर टोपण लावून ठेवा. माझं टोपण मी जाड दोऱ्यानं नेकच्या स्क्रूला बांधलंय. एवढंसं पितळ सतरंजीत हरवलं तर पुन्हा लेथवाल्याकडे जावं लागतं.