नवतप्यात विद्युत ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लक्ष कसे ठेवावे

नागपूर जिल्ह्यातील ज्या संत्रा बागायतदारांनी ओळींमधील वखरणीसाठी आणि फवारणीची टाकी ओढण्यासाठी लहान विद्युत ट्रॅक्टर घेतला आहे, त्यांनी मेच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत बॅटरीची तपासणी रोजच्या कामात धरावी. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो आणि पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत बॅटरीचे जे नुकसान होते ते लगेच दिसत नाही. पावसानंतर डवरणीच्या ऐन घाईत ते उघडे पडते.

डॅशबोर्डवरील दिव्यांवर विसंबून राहू नये. साध्या ट्रॅक्टरवर हे दिवे केवळ व्होल्टेज पाहून लागतात, त्यामुळे वखर काळ्या मातीत खोल गेला की दोन दिवे विझतात आणि धुऱ्यावर गाडी थांबवली की ते पुन्हा लागतात. बॅटरी खरोखर किती उरली आहे, हे गाडी थांबवून, भार काढून आणि निदान अर्धा तास जाऊ दिल्यानंतरच कळते. चार्जर काढल्याबरोबर घेतलेले माप तर हमखास जास्त दिसते; म्हणून रात्री चार्जिंग पूर्ण झाले असेल तर पहाटे काम सुरू करण्यापूर्वी मोजावे.

लेड-ॲसिड प्रकारची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असताना विश्रांतीत सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते आणि निम्मी उतरली की सुमारे १२.२ दाखवते. चार बॅटऱ्यांच्या ४८ व्होल्टच्या संचात हे अंतर ५०.८ ते ४८.८, म्हणजे अवघे दोन व्होल्ट एवढेच असते. त्यामुळे दशांश दाखवणारा मल्टीमीटर जवळ असलाच पाहिजे, आणि संच ४८.८ वर आला की ओळ अर्धी राहिली तरी गाडी परत आणावी.

मात्र एकूण आकडाही फसवतो, हे मी स्वतः सोसले आहे. मागील उन्हाळ्यात बागेच्या खालच्या, चोपण पट्ट्यात आमचा ट्रॅक्टर थांबला, तेव्हा संचाचे माप बरोबर ४८.८ होते. प्रत्येक बॅटरी वेगळी मोजली तेव्हा तीन बॅटऱ्यांवर १२.४ निघाले आणि चौथीवर फक्त ११.६. एकटी चौथी पार उतरली होती आणि बाकीच्या तिघी तिला झाकत होत्या. तिची टोपणे उघडली तर दोन खणांत पाणी प्लेटांच्या खाली गेलेले होते. तेव्हापासून आठवड्यातून एकदा चारही बॅटऱ्या स्वतंत्र मोजून आकडे कोठ्यातल्या वहीत तारखेसह लिहिले जातात. एखादी बॅटरी इतरांपेक्षा सतत मागे पडत असेल, तर तिच्याकडे त्याच दिवशी पाहावे.

पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटरच. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी कधीही घालू नये आणि वरून ॲसिडही टाकू नये. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच पाणी आधी घालावे आणि उरलेले चार्जिंग पूर्ण झाल्यावर भरावे. हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतील द्रवाची घनता मोजणारे साधन, वापरणाऱ्यांनी उष्णतेचा हिशेब धरावा: २७ अंशांच्या वर दर १० अंशांना मापात ०.००७ मिळवावे लागतात. द्रव ४२ अंशांवर असताना १.२२० दिसले, तर खरे माप सुमारे १.२३० समजावे. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे माप १.२६५ च्या आसपास असते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला व्होल्टेजचा हा हिशेब लागू पडत नाही, कारण ती बहुतांश वेळ जवळजवळ एकाच व्होल्टेजवर चालते आणि शेवटी एकदम कोसळते. तिच्यासाठी आत-बाहेर गेलेला विद्युतप्रवाह मोजणारा मीटर बसवावा, आणि त्याचा हिशेब चुकत जाऊ नये म्हणून ठरावीक दिवसांनी बॅटरी एकदा पूर्ण भरावी.

काम पहाटे साडेपाच ते साडेनऊ या वेळेत उरकावे. त्यानंतर ट्रॅक्टर झाडाखाली किंवा हवेशीर कोठ्यात उभा करावा, टिनाच्या बंद शेडमध्ये नाही. दुपारी लाईन आहे म्हणून तापलेली बॅटरी चार्जिंगला लावण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो टाळावा. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्जिंग घेत नाहीत, आणि लेड-ॲसिड बॅटरी घेत असली तरी तिचे पाणी झपाट्याने आटते व आयुष्य घटते. बॅटरीच्या अंगाला हात लावून ती कोमट वाटेपर्यंत थांबावे आणि सायंकाळनंतरच चार्जर जोडावा. चार्जिंगच्या वेळी लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ बिडी, चूल किंवा ठिणगी असू नये. निम्मी उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी मात्र त्याच रात्री भरावी. तशीच पडून राहिली तर प्लेटांवर लेड सल्फेटचा पांढरा थर धरतो.

मृगाच्या पावसानंतर वाफसा येईपर्यंत गाडी उभी राहणार असेल, तर लेड-ॲसिड संच पूर्ण भरून आणि लिथियम संच साधारण निम्मा ठेवून ऋण बाजूची तार काढून ठेवावी.