तळ्याकाठचा कचरा उचलायचाय? आधी गाडीचं बघा

सोलापूरला समुद्र नाही पण काठ भरपूर आहेत, सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, हिप्परगा, आणि समुद्रकिनाऱ्यावर लोक जी साफसफाई करतात तीच इथं करता येते. दरवेळी कुणीतरी उत्साहानं ग्रुपवर मेसेज टाकतं, "रविवारी सकाळी या, ग्लोव्हज आणा", तीस-चाळीस जण येतात, काठ चकाचक होतो, फोटो निघतात, आणि भरलेली पोती तिथंच भिंतीला लावून सगळे घरी जातात. दोन दिवसांत कुत्री ती पोती फाडतात आणि वाऱ्यानं सगळं परत पाण्यात. म्हणून पहिलं काम कचऱ्याचं नाही, गाडीचं.

चार-पाच दिवस आधी महापालिकेच्या तुमच्या भागातल्या झोन ऑफिसला जा, आरोग्य निरीक्षकाला भेटा, तारीख, वेळ आणि नेमकी जागा कागदावर लिहून द्या आणि घंटागाडी किंवा ट्रॅक्टर किती वाजता येणार ते विचारा. आदल्या दिवशी संध्याकाळी ड्रायव्हरला स्वतः फोन करा, त्याचाच नंबर घेऊन ठेवा, साहेबांचा नको. हिप्पर्‍यासारखं गावाकडचं पाणी असेल तर ग्रामपंचायतीशी बोला, आणि गाडीची सोय होत नसेल तर भाड्यानं छोटा हत्ती टेम्पो ठरवा, वर्गणी काढा. तेही जमत नसेल तर तारीख पुढं ढकला पण उचलून ठेवून जाऊ नका.

जागा छोटी घ्या. अख्खा तलाव नाही, एका घाटापासून पुढच्या झाडापर्यंत एवढीच. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शहा यांनी २०१५ मध्ये शेजाऱ्याला सोबत घेऊन सुरुवात केली, ते दर आठवड्याला तिथंच जात राहिले म्हणून लोक जोडत गेले, एकदाच मोठ्ठा कार्यक्रम करून तसं झालं नसतं.

वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ. मार्चनंतर आपल्याकडं नऊ वाजता ऊन असं लागतं की माणूस खाली वाकू शकत नाही, तेव्हा पाण्याचा जार आणि टोप्या पाहिजेतच. काळ्या पातळ पिशव्या घेऊ नका, काच लागली की फाटतात, किराणा दुकानातून तांदळाची-साखरेची रिकामी पोती मागा, गाडीत उलटी करून परत आणता येतात. हातमोजे हार्डवेअरच्या दुकानातले, तळव्याला रबर असलेले, दवाखान्यातले पातळ नकोत. पायात बूट, चप्पल अजिबात नको. दोन-तीन दाताळी, एक फावडं, घमेली, आणि पाण्यातलं ओढायला लांब बांबूच्या टोकाला जाळी. पाण्यात मात्र कुणी उतरायचं नाही, काठाला गाळ असतो, गुडघ्यापर्यंत वाटतं आणि पाय रुतून बसतो. झुडपात हात घालायच्या आधी काठीनं आपटून बघा, साप-विंचू असतात. सुई, सिरिंज दिसली तर चिमट्यानं उचलून जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये टाका.

आता निर्माल्य. सगळ्यात जास्त भांडणं इथंच होतात म्हणून नीट वाचा. काठावर फुलांचे हार असतात, नारळ असतात, जुन्या तसबिरी असतात, काच फुटलेली, मागचा पुठ्ठा भिजून फुगलेला, आणि आतला देवाचा फोटो तेवढा नीट. ही तसबीर गुटख्याच्या पुड्यांसोबत एका पोत्यात टाकलेली घाटावरच्या एखाद्या आजीनं पाहिली तर ती ओरडणारच आणि तिचं चूक नाही. तसबिरी-मूर्तींसाठी एक स्वच्छ पोतं वेगळं ठेवा, काच काढून जाड कागदात गुंडाळा, लाकूड-पुठ्ठा वेगळा करा, फोटो कुठं द्यायचे ते देवळातल्या लोकांना आधीच विचारून ठेवा. हारातला दोरा, जरीचा धागा, प्लास्टिकची पिशवी काढली की फुलांचं खत होतं, पण काढायला हवं, नाहीतर ते खत कुणी घेत नाही. आणि टीममध्ये कन्नड आणि तेलुगू बोलणारा एकेक जण असू द्या, आपल्या गावात बऱ्याच लोकांशी त्यांच्या भाषेत दोन शब्द बोललं की तेच हाताला हात लावतात.

बाकीचं तिथल्या तिथं वेगळं करा. पाण्याच्या बाटल्या आणि काचेच्या बाटल्या भंगारवाला घेतो. गुटख्याच्या आणि वेफर्सच्या पुड्यांत प्लास्टिक आणि चकाकणारा थर एकमेकांना चिकटवलेले असतात म्हणून त्या कुणीच घेत नाही, त्यांचं पोतं थेट गाडीत. सिगारेटचं थोटूक कापसासारखं दिसतं पण त्याचा फिल्टर प्लास्टिकचाच असतो, तेही उचला. नायलॉन मांजा दिसला की ओढू नका, कात्रीनं तुकडे करा, पक्ष्यांच्या पायात तोच अडकतो. काठचं गवत, वाळकी पानं, पाणकणीस याला हात लावू नका, पाणकोंबड्या तिथंच घरटी करतात, आपल्याला कचरा काढायचाय, काठ टकला करायचा नाही. आणि "पेटवून टाकू" म्हणणारा एकजण असतोच, त्याला प्रेमानं पण ठामपणे नाही म्हणा, प्लास्टिकचा तो विषारी धूर शेजारच्या वस्तीतली लेकरं ओढतात.

एकाला वही द्या, काय किती निघालं ते लिहायला. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारे साफ करतात तेव्हाही प्रत्येक वस्तूची अशी नोंद ठेवतात. त्याचा उपयोग लगेच असतो. चहाचे कप सगळ्यात जास्त निघाले तर समोरच्या टपरीवाल्या मामांशी बोला, एक डबा ठेवायला सांगा, शक्य असेल तर डबा तुम्हीच द्या आणि तो रोज कोण रिकामा करणार तेही त्यांच्यासमोरच ठरवा.

गाडी भरून गेली की साबणानं हात धुवा, कुणाला काच-खिळा लागला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, टीटीचं इंजेक्शन घेतलंय का ते विचारा. मग नाश्ता, चुरमुऱ्यांचा सुशीला असेल तर उत्तम, पण स्टीलच्या ताटल्यांत, कागदी प्लेटा आणून परत कचरा करू नका. आणि पुढचा रविवार कुठला ते पोती झटकताना सगळे समोर असतानाच ठरवा, नंतर ग्रुपवर विचारलं तर नुसते अंगठे येतात.