जुन्या लाकडी खुर्चीची डुगडुग: शेवटी काय उपयोगी पडलं

घरच्या ऑफिससाठी जुन्या टेबलासोबत घेतलेली खुर्ची मागे टेकलं की कुरकुरायची आणि मागचे पाय बाजूला हलायचे. आधी सांध्यात पांढरा फेव्हिकॉल सोडला, आठवडाभर टिकला. मग खिळा ठोकला, तर कुसूच (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) चिरलं. दोन महिने फुकट गेले.

चूक अशी की, जुन्या सरसाच्या (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाच्या) थरावर नवा फेव्हिकॉल धरत नाही. सांधा उघडावाच लागतो.

प्रत्येक सांध्यावर खडूने जोडीचे आकडे घातले. खिळा उपसला. सांध्यांवर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं; जुना सरस मऊ झाल्यावर लाकडी हातोडीने, मध्ये कापड धरून, हलके ठोके देत पाय सोडवले. फेव्हिकॉलचे थर गरम व्हिनेगरने सुटले. कुसू आणि खाच दोन्ही खरवडून लाकूड उघडं केलं, पण पॉलिश पेपर मारला नाही; कुसू बारीक झालं की सांधा पुन्हा सैल. चिरलेलं कुसू आधी चिकटवून एक दिवस दाबून ठेवलं.

सरसाचे दाणे रात्रभर थंड पाण्यात भिजवले, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० अंशांपर्यंत तापवले. उकळू द्यायचे नाहीत, पकड जाते. सरस लवकर आळतो, म्हणून एका वेळी एकच बाजू जोडली. चारही पायांभोवती दोरी, दोरीत काठी घालून पीळ, खुर्ची सपाट फरशीवर, चारही पाय टेकलेत ना ते बघून २४ तास तशीच.

सहा महिने झाले, आवाज नाही.